मऊ बर्फ

बाईंनी उभी हयात शाळेत युद्धकविता शिकवली, पण त्यांच्या वर्गात कधी कुणाला थंडी म्हणून वाजली नाही. वाजणार कशी? फळ्यावर त्या लिहून द्यायच्या, 'बर्फ हे मृत्यूचं प्रतीक', आणि पोरं ते मुकाट उतरवून घ्यायची. त्याखाली 'पाऊस हे दुःखाचं प्रतीक'. परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न. पोरं घोकून लिहायची, बाई लाल पेनानं बरोबरची खूण करायच्या, आणि कवितेतला सैनिक आपला गुडघाभर बर्फात उभा तो उभाच.

त्याची कीव करायला बाईंना निवृत्त व्हावं लागलं. म्हणजे नुसतं निवृत्त व्हावं लागलं असतं तर बरं होतं. पण ते पुढे येईलच.

गावाच्या टोकाला लष्कराचं हॉस्पिटल होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट वॉर्ड, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला खाटा. तिथे सगळे हिमदंशाचे. थंडीनं ज्यांची बोटं, कान, नाकाचे शेंडे काळे पडले आणि डॉक्टरांना ते काढून टाकावे लागले, अशी सगळी तरणीताठी मंडळी. त्यांना दुपारचं काही वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. बाई आपण होऊन गेल्या.

आधी त्या वर्तमानपत्र वाचायच्या. मग विनोदी गोष्टी आणल्या. दोन्हींना वॉर्ड सारखाच जांभया द्यायचा. एक दिवस आचारी म्हणाला, "बाई, आमच्यावर कुणी काही लिहिलंय का नाही? आम्ही काय नुसतं गारठायचंच?"

हा आचारी म्हणजे पलटणीचा आचारी. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं गेलेली, पण तोंड शाबूत, आणि गेलेल्या पेरांचंही काम तोंडच करायचं. त्याच्या शेजारच्या खाटेवर ड्रायव्हर. त्याचं एक पाऊल पुढून अर्धं झालेलं, तरी कुबडी टेकत वॉर्डभर हिंडून जगाच्या भानगडीत नाक खुपसायची हौस दांडगी. आणि खिडकीपाशी वायरलेस. बिनतारी यंत्रावर संदेश घ्यायचा-द्यायचा म्हणून त्याचं नाव वायरलेस पडलं. दोन्ही कानांच्या पाळ्या गेल्या होत्या. बोलायचा इतकं कमी, की आचारी म्हणायचा, "ह्याची बॅटरी उतरलीय, चार्जिंगला लावा कुणीतरी."

बाईंनी मग युद्धकविता आणायला सुरुवात केली. घरी पुस्तकातून निवडायच्या, सुट्या कागदावर टाइप करायच्या आणि घेऊन यायच्या. कवीचं नाव वर घालायच्या नाहीत. ही त्यांची शाळेतली जुनी खोड. नाव दिसलं की पोरं कविता वाचत नाहीत, नाव वाचतात, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच कवितेला आचाऱ्यानं हात वर केला. कविता मोठी भरजरी होती. त्यात मातृभूमी आपल्या लेकरांवर बर्फाचं शुभ्र वस्त्र हळुवार पांघरते, वगैरे. बाईंनी ती वर्गात किती वेळा शिकवली असेल आणि दर वेळी त्यांचा स्वतःचाच गळा दाटून आला असेल.

"शुभ्र?" आचारी म्हणाला. "बाई, आमच्या तळावरचा बर्फ बघायला हवा होता. चहाचा चोथा, रॉकेलची काजळी, आणि बाकी जे असतं ते तुमच्यापुढे सांगत नाही."

"ह्यानं घरी पांघरुणात बसून लिहिलंय," ड्रायव्हर म्हणाला. "पाय शेगडीकडे करून."

झालं. तिथून तो खेळच सुरू झाला. बाई कविता वाचणार, आणि वॉर्ड निकाल देणार: कवी 'उघड्यावर' होता की 'पांघरुणात'. हात वर करायचे. ज्यांचे हात बँडेजमध्ये, त्यांनी मान हलवायची. मग आचारी न्यायाधीशाच्या थाटात निकाल सुनवायचा, आणि ड्रायव्हर कागद खिडकीच्या कट्ट्यावर दोनांपैकी एका गठ्ठ्यात टाकायचा. पांघरुणातला गठ्ठा भराभरा वाढत गेला, हे सांगायला नकोच.

वाऱ्याला 'सुरी' म्हणणारे सगळे पांघरुणात गेले. एका कवीनं सैनिकांच्या मिशांवरच्या हिमाला मोती म्हटलं होतं. त्याला तर वॉर्डानं असं काही सोलून काढलं, की तो समोर असता तर त्यानं पुन्हा हातात पेन धरलं नसतं. वाळवंटातल्या उन्हावर एक कविता होती. ड्रायव्हर आधी तिकडे होता. तो म्हणाला, तहान लागल्यावर माणूस समुद्राची स्वप्नं बघत नाही, गाडीच्या रेडिएटरकडे बघतो. ती पण गेली.

पण एका कवितेत काहीच नव्हतं, फक्त एक बूट होता. ओला बूट. पाय आत सुजलाय म्हणून तो निघत नाही, आणि निघत नाही म्हणून पाय आणखी सुजतो, आणि सैनिक रात्रभर त्या बुटाला शिव्या घालतो. शेवटी म्हणतो, उद्या काढू. एवढंच. बाईंना ती कविता कधी कविताच वाटली नव्हती. पोरांना त्या सांगायच्या, ही ऐच्छिक, नाही वाचली तरी चालेल. त्या दुपारी ती वाचून झाल्यावर ड्रायव्हर आपल्या अर्ध्या पावलाकडे बघत बसला. मग सगळे हात वर गेले. उघड्यावर.

दुसरी एक पावसाची होती. खंदकात पाणी चढतंय, आणि पहारेकरी चिखलात पडलेल्या मेलेल्या सोबत्याकडे बघून म्हणतो, तुझं बरं आहे, तुला ओलं लागत नाही. बाईंना वाचताना कसंसंच झालं. ह्याला काळीज म्हणून काही आहे की नाही, असं वाटलं. पण वायरलेसनं हात वर केला, सगळ्यांच्या आधी.

वॉर्डाचं चुकायचं नाही असं मात्र नाही. एका कवितेत वारा हा डोक्यावर मुकुट घातलेला राजा होता. त्याचा रथ, त्याची सेना, त्याचे भाट, सगळा लवाजमा. आचाऱ्यानं पहिल्या कडव्यालाच तिला पांघरुणात घातलं. मग बाईंनी सांगितलं, हा कवी स्वतः डोंगरावरच्या चौकीत राहिला होता, आणि परत आला तो एक पाय तिथेच ठेवून.

"मग ते नाटक कशाला केलं त्यानं?" आचारी जरा नरमून म्हणाला.

खिडकीपाशी वायरलेसचा आवाज आला. "सरळ बघवत नसेल वाऱ्याकडे. मुकुट घातला की बघता येतं."

ते वाक्य बाई घरी घेऊन गेल्या. वर्गात इतकी वर्षं रसग्रहण शिकवलं, पण असं कुणी बोललं नव्हतं.

आता बाई हे सगळं कशासाठी करत होत्या, ते सांगायला हवं. समाजसेवा वगैरे काही नव्हती. त्यांच्या मनात एक काम होतं, आणि त्या धीर गोळा करत होत्या.

बाईंचा धाकटा मुलगा सैन्यात होता. उंचावर, बर्फातल्या एका चौकीत. तिथेच तो गेला. गोळी नाही, बॉम्ब नाही. एक दिवस सकाळी उठलाच नाही. घरी येऊन गेलेल्या अधिकाऱ्यानं टोपी काखेत धरून सांगितलं, झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही. त्याच्या आधी थोडेच दिवस धाकट्याची एक कविता आली होती. आयुष्यात त्यानं लिहिलेली पहिली आणि शेवटची. बर्फावरची. बर्फ किती मऊ असतो, वारा कसा ओळखीचा झालाय, झोप कशी छान लागते.

बाई त्या कवितेवर तगून होत्या. अक्षरशः. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती म्हणून दाखवायच्या. बघा, त्याला तिथे बरं वाटत होतं. बघा, त्यानंच लिहिलंय. माणसं डोळे पुसायची, मान हलवायची आणि चहा घेऊन जायची. फक्त एक माणूस ती ऐकून घ्यायचा नाही. बाईंचा नवरा. घराखालच्या गाळ्यात त्याचं चष्म्याचं दुकान. बाईंनी कवितेचा पहिला शब्द उच्चारला की तो उठायचा, जिना उतरून खाली जायचा, आणि मग काच घासायच्या मशीनची घरघर सुरू व्हायची. पाहुण्यांसमोरसुद्धा.

सुरुवातीला बाईंनी समजून घेतलं. मग त्यांना राग यायला लागला, आणि तो राग मुरत मुरत गेला. पोरगा गेला, आणि हा माणूस त्याचे शब्दसुद्धा कानावर येऊ देत नाही. काय माणूस आहे का दगड? एकदा त्यांनी तोंडावर विचारलंही, "तुम्हाला ती खोटी वाटते का?" नवरा चष्म्याचा स्क्रू पिळत राहिला. हो नाही, की नाही नाही. त्या दिवसापासून घरात मीठ संपलं, गॅस आणा, किल्ली कुठे, एवढंच बोलणं उरलं. एका छपराखाली राहून दोघं दोन गावची झाली.

म्हणून बाईंना निकाल हवा होता. बर्फात राहून आलेल्या माणसांचा. त्यांनी हात वर करून म्हणावं, उघड्यावर. म्हणजे घरी जाऊन नवऱ्याला ठणकावून सांगता येईल, ऐका, जे तिथे होते ते म्हणतात हे खरं आहे. आमचा धाकटा सुखात गेला. मग तुम्ही कोण तोंड फिरवणारे?

त्या दुपारी आकाश भरून आलं होतं. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन फिरत होती. बाईंनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "चला, ऐका." आवाज नेहमीसारखा राहावा म्हणून त्यांना काय आटापिटा करावा लागला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्यांनी वाचलं.

*इथला बर्फ अगदी मऊ आहे,*
*पिंजून ठेवलेल्या कापसासारखा.*
*संध्याकाळी तो हळूच उतरतो*
*आणि छपरावर थोपटत बसतो.*
*वाराही आता ओळखीचा झालाय,*
*येतो, बसतो, जातो.*
*झोप लवकर लागते इथे,*
*स्वप्नंसुद्धा उबदार पडतात.*
*काळजी करण्यासारखं काही नाही.*

आचारी फिसकन हसला.

"काळजी करण्यासारखं काही नाही? हा काय हॉटेलात उतरला होता का?"

सगळा वॉर्ड हसला. चांगला मोकळा, पोट धरून. त्यात वाईट काही नव्हतं. रोजच हसायचे.

"मऊ म्हणे," ड्रायव्हर म्हणाला. "बाई, तिथला बर्फ रात्रीतून काचेसारखा होतो. माझी गाडी एकदा तोंडघशी गेली, मी दारातून खाली पडलो, तर हनुवटी फुटली. ह्यानं कापूसच बघितलाय, बर्फ नाही."

"आणि वारा येऊन बसतो. चहा देत होता का रे त्याला?" पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं.

"पांघरुणात. दोन पांघरुणांत. वर दुलई," आचारी म्हणाला.

हात वर गेले. बाई कागदाकडे बघत राहिल्या. अक्षरं हलायला लागली होती. तरी त्यांच्यातली शिक्षिका म्हणाली, मोज, कुणाचे हात खाली आहेत ते बघ. फक्त वायरलेसचा हात खाली होता.

"तुझं काय?" बाईंनी विचारलं.

"कळत नाही," वायरलेस म्हणाला. "बर्फाचं सगळं खोटं आहे. पण ते स्वप्नांचं आहे ना, उबदार पडतात ते. ते घरी बसून सुचत नाही कुणाला."

"म्हणजे?"

"तिथे तशीच पडतात. शेगडीची, गरम पाण्याची. त्यांनाच आम्ही घाबरायचो. डोळा लागून छान वाटायला लागलं की शेजारचा थोबाडीत मारायचा. उठ म्हणायचा, उठ, छान वाटतंय म्हणजे उठ."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मागे वॉर्डाचं चुकलं होतं, हे त्यांनी स्वतःला बजावलं. मुकुटवाल्याच्या वेळी चुकलंच होतं की. आजही चुकू शकतं. आणि आज चुकण्यात त्यांचा स्वतःचा हात होता, हे त्यांच्या एकदम लक्षात आलं. नाव दिसू नये म्हणून, कुणी कुणासाठी लिहिलंय ते कळू नये म्हणून, टाइप करताना त्यांनी पहिल्या ओळीतून दोन शब्द गाळले होते. नियमाला धरून. शाळेत ज्या हातानं पोरांची वाक्यं छाटली, त्याच हातानं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून थोडं गळलंय. पहिली ओळ पुन्हा वाचते."

आणि त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं:

"आई, इथला बर्फ अगदी मऊ आहे गं."

पुढची कविता त्यांनी वाचली की नाही, ते त्यांनाही आठवत नाही. बहुतेक वाचली असावी. कारण 'काळजी करण्यासारखं काही नाही' म्हणताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला होता. सिस्टर ट्रॉलीची दांडी धरून तशीच उभी होती. आचाऱ्याचा हात अजून वरच होता. तो त्यानं हळूहळू खाली घेतला आणि चादरीखाली लपवला.

"बाई," तो म्हणाला, "हे आधी सांगायचं ना हो."

"का? काय फरक पडला?"

ड्रायव्हर म्हणाला, "मी पण असंच लिहायचो. घरी. हवा छान आहे म्हणून."

"मी लिहिलं होतं, वजन वाढलंय," कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं.

"कुणाची आहे कविता?" वायरलेसनं विचारलं. पण त्याला कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं.

"माझ्या धाकट्याची," बाई म्हणाल्या. "तो आला नाही परत."

आचाऱ्यानं दोन्ही थोटे हात तोंडावर घेतले. "मी हसलो," तो म्हणाला. "देवा रे, मी हसलो हो त्याला."

"हसलास ते बरं केलंस," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्यांना तसं खरंच वाटत होतं. "पण निकाल राहिला. आता द्या. नियम तो नियम."

आधी वायरलेसचा हात वर गेला. मग ड्रायव्हरचा. मग एकेक करत सगळे. आचाऱ्यानं मान खाली घालूनच हात वर केला आणि निकाल सुनवायचं त्याचं काम होतं म्हणून कसाबसा म्हणाला, "उघड्यावर."

हाच शब्द ऐकायला बाई कधीपासून येत होत्या. तो शब्द घेऊन घरी जायचं होतं, नवऱ्याच्या तोंडावर मारायचा होता. आणि तो मिळाला तेव्हा त्यांना कळलं, की त्याचा अर्थ त्यांना हवा होता त्याच्या बरोबर उलटा आहे. मुलगा तिथे होता. म्हणूनच तो खोटं बोलत होता.

"त्याला थंडी वाजत होती का रे?" त्यांनी विचारलं. कुणा एकाला नाही, सगळ्यांना. पोराला शाळेतून उशीर झाल्यावर आई शेजारपाजारी विचारते, तसं.

साधा प्रश्न. पण तो आजवर त्यांनी कुणाला विचारला नव्हता, त्या टोपीवाल्या अधिकाऱ्यालासुद्धा नाही.

"हो, बाई," आचारी म्हणाला. "फार."

"फार म्हणजे किती?"

सिस्टर पुढे झाली. "बाई, राहू दे ना आज."

"नाही," बाई म्हणाल्या. "सांगू दे त्याला."

तेव्हा वायरलेसनं सांगितलं. तो इतकं बोललेला वॉर्डात कुणी ऐकलं नव्हतं. आधी दुखतं, म्हणाला, बोटं दारात चेंगरावी तसं, आणि ते तासन्‌तास. मग दुखायचं थांबतं, आणि ते जास्त वाईट. अन्न गिळवत नाही. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, कारण तोंड उघडलं की दात ठणकतात. "आणि लिहायचं म्हणजे," तो म्हणाला, आणि थांबला.

"बोल."

"जाड हातमोज्यात पेन्सिल धरता येत नाही, बाई. काढावा लागतो. एक ओळ लिहायची, हात काखेत घालायचा, चोळायचा, जिवंत झाला की पुढची ओळ."

धाकट्याचं अक्षर त्या कागदावर किती वेडंवाकडं होतं, ते त्यांना माहीत होतं. आजवर त्यांना वाटायचं, घाईत लिहिलंय पोरानं, लहानपणापासूनचा धांदरट. कविता त्यांनी उराशी धरली, आणि अक्षराला मात्र मनातल्या मनात नावं ठेवली. आता त्यांना ती एकेक ओळ दिसायला लागली, आणि प्रत्येक ओळीनंतरचा उघडा हात. खोटं बोलण्यासाठी, फक्त आईशी खोटं बोलण्यासाठी, पोरगा पुन्हा पुन्हा हातमोजा काढत राहिला होता.

सिस्टरनं पाणी आणून दिलं. बाई ते प्यायल्या, त्यांनी कागद पिशवीत ठेवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी बुटाचीच वाचू पुन्हा." आचारी जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर आला.

बाई घरी आल्या त्या जिना न चढता सरळ दुकानात शिरल्या. नवरा मशीनवर काच धरून बसला होता. डोळ्यांवर जाड भिंग, समोर पाण्याची धार, काचेचा पांढरा लगदा बोटांवर. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बाई अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्या कितीतरी दिवसांत बसल्या नव्हत्या.

"तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "ती कविता खोटी आहे. त्याला फार थंडी वाजायची."

नवऱ्यानं मशीन बंद केलं. घरघर थांबायला थोडा वेळ लागला. मग त्यानं भिंग डोळ्यांवरून कपाळावर सरकवलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"ज्यांना वाजली त्यांनी." आणि मग त्यांना रडू आवरेना. "तुम्हाला कसं कळलं होतं हो? मी शिकवते कविता, मला नाही कळलं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मग एकदा तरी बोलायचं. मी जगाला म्हणून दाखवत फिरले, बर्फ मऊ असतो म्हणून. तुम्ही आपले उठून खाली यायचे. मी तुम्हाला दगड म्हटलं."

"म्हटलंस," तो म्हणाला. "ऐकलं मी."

तो उठला. हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"मला कवितेतलं काय कळतंय," तो म्हणाला. "त्यानं मला सांगितलं होतं. शेवटच्या सुट्टीवरून परत जाताना. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो ना. तू दारातूनच परत फिरलीस, तुला बघवेना म्हणून. गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसलो, आणि एकदम बोलायला लागला. सगळं. मी म्हटलं, नको जाऊ, काहीतरी करू. तर म्हणाला, बाबा, असं करून कसं चालेल. आणि आईला सांगू नका."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणाला, ती झोपायची नाही. मी तिला काहीतरी छान लिहून पाठवतो, तिला कविता आवडतात." नवऱ्याचा आवाज फुटला, तरी त्यानं वाक्य पुरं केलं. "मग ती आली. तू वाचायला लागलीस की मला त्याचं तोंड दिसायचं, बाकड्यावरचं. समोर बसवायचं नाही. आणि बोलता पण येईना. शब्द दिला होता त्याला. आणि तुझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. ती मी कशी काढून घ्यायची?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी हात पुढे करून नवऱ्याचा हात धरला. काचेच्या लगद्यानं तो खरखरीत झाला होता.

"काय काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. "सगळं सांगा. गाळू नका काही."

नवऱ्यानं जाऊन दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग स्टूल ओढून बाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"रात्री घरची आठवण येऊन रडू यायचं म्हणाला," त्यानं सांगितलं. "पण रडलं की पापण्या गोठून चिकटायच्या. म्हणून त्यांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की रडायचं नाही. घरी गेल्यावर रडू."

पुढचं त्याला सांगता आलं नाही, आणि बाईंनाही ऐकता आलं नाही. पोरगा गेल्यापासून ती वर रडायची आणि तो खाली. त्या संध्याकाळी दोघं पहिल्यांदा एकत्र रडली, त्याच्याही वाटचं.